ला क्रेसेंट: उणे ३३ अंशांतून तरलेली द्राक्षवेल आणि तिची पांढरी वाईन

उत्तरवारा | ९ मार्च

गेल्या महिन्यात नाशिकच्या वाईनच्या धाग्यावर मी जाता जाता लिहिलं होतं की आमच्या परसात, मिनेसोटात, पांढऱ्या वाईनची द्राक्षं आहेत. त्यावर तिघाचौघांनी विचारलं, जिथे तळी गोठतात आणि त्यांच्यावरून गाड्या जातात तिथे द्राक्षं कशी टिकतात? उत्तर मोठं आहे, म्हणून हा वेगळा धागा काढते.

कालच वेलींचे डोळे, म्हणजे काडीवर जिथून फूट येते ते फुगीर ठिपके, तपासले, तिथूनच सांगते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक वेलीच्या दोन-दोन काड्या कापून घरात आणते. दोन दिवस त्या स्वयंपाकघरात पाण्यात उभ्या ठेवायच्या, म्हणजे मेलेल्या डोळ्याला काळं पडायला वेळ मिळतो. मग दाढीच्या पात्याने एकेक डोळा आडवा कापायचा, वरची पातळ चकती निघेल इतकाच. द्राक्षाच्या एका डोळ्यात तीन कोंब असतात. मधला मुख्य, बाजूचे दोन राखीव. जिवंत कोंब पोपटी दिसतो, मेलेला चहाच्या डागासारखा तपकिरी. काल शंभर डोळे कापले, त्यातले ८८ मुख्य कोंब हिरवे निघाले. या हिवाळ्यात आमच्याकडे पारा दोनदा उणे २९ सेल्सिअसला गेला होता. शेवटचा डोळा कापून झाला तेव्हा बोटं पात्याने चिरली होती, पण मला फार आनंद झाला होता.

वाणाचं नाव ला क्रेसेंट. मिसिसिपीच्या काठावर मिनेसोटातच या नावाचं गाव आहे, सफरचंदांसाठी प्रसिद्ध, त्यावरून हे नाव. मिनेसोटा विद्यापीठाने १९८८ मध्ये हा संकर केला आणि २००२ मध्ये वाण बाहेर आणलं. म्हणजे एका द्राक्षासाठी चौदा वर्षं. पण त्याचे दोन्ही पालक विद्यापीठाच्या आवारातले नाहीत. ते आले एल्मर स्वेन्सन नावाच्या शेतकऱ्याकडून. विस्कॉन्सिनमधल्या ऑसिओला गावाजवळ आजोबांकडून आलेल्या शेतात हा माणूस १९४० च्या दशकापासून द्राक्षांचे संकर करत होता. इथल्या नदीकाठी रानात वाढणारी रिपारिया ही जंगली द्राक्षवेल थंडीला दाद देत नाही, पण तिचे मणी बारीक आणि तोंड आंबवणारे. युरोपातली विनिफेरा चवीला सरस, पण इथल्या एका हिवाळ्यात खलास. या दोघींची सोयरीक जुळवण्यात स्वेन्सनने आयुष्य घातलं. १९६९ ते १९७९ तो विद्यापीठातही कामाला होता. तयार केलेल्या वाणांच्या काड्या त्याने मागेल त्याला दिल्या. २००४ मध्ये तो गेला. ला क्रेसेंटची आई सेंट पेपिन हे त्याचंच वाण, आणि बाप म्हणजे त्याने रिपारिया आणि मस्कत हॅम्बुर्ग हे सुवासिक विनिफेरा वाण यांच्यापासून केलेलं एक बिननावाचं, नुसत्या क्रमांकाचं रोप. ला क्रेसेंटला जो मस्कती सुवास आहे तो या बापाकडचा.

विद्यापीठाची माहिती सांगते की हे वाण उणे ३४ च्या आसपासपर्यंत टिकतं. ३० जानेवारी २०१९ ला मिनियापोलिसला पारा उणे ३३ वर गेला होता. माझ्या वेली तेव्हा चार वर्षांच्या होत्या. मी त्यांच्यावर ना गवत घातलं होतं ना माती. त्या वर्षी निम्मे मुख्य कोंब गेले, पण १४ पैकी एकही वेल मेली नाही आणि सप्टेंबरात घड लागले.

वाईनबद्दल खाली लिहीनच. आधी कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.

शेवंती | ९ मार्च

मी वाईन घेत नाही, पण डोळे कापायचं वर्णन दोनदा वाचलं. पुढचं येऊ द्या.

कादवाकाठ | १० मार्च

ताई, मी निफाडचा. साडेचार एकर थॉमसन आणि सोनाका आहे, सध्या काढणी जोरात चालू आहे म्हणून उशिरा लिहितोय. तुमचे उणे ३३ वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडं जानेवारीत पारा ४-५ अंशांवर आला तरी रात्रभर बागेत शेकोट्या पेटवतो, पहाटे ठिबक सोडतो. मण्यांची फुगवण थांबते, तयार मालाला तडे जातात. एका रात्रीत वर्षाचं पीक हातचं जातं.

माझे तीन प्रश्न आहेत. एक, तुम्ही डोळे फुटायला पेस्ट लावता का? आम्हाला ऑक्टोबर छाटणीनंतर हायड्रोजन सायनामाईड लावल्याशिवाय एकसारखी फूट मिळत नाही. दोन, रूटस्टॉक, म्हणजे कलमाचा खालचा खुंट, कोणता? आमच्याकडं डॉगरिज. तीन, पानांवरच्या डाऊनी रोगाचं काय?

उत्तरवारा | १० मार्च

कादवाकाठ दादा, काढणीच्या घाईतही लिहिलंत, आभार.

पेस्टची गरजच पडत नाही. तुमच्याकडे वेल कधी खरी झोपतच नाही, म्हणून तिला रसायन लावून उठवावं लागतं. आमच्याकडे ती नोव्हेंबर ते एप्रिल गाढ झोपते आणि हिवाळा संपला की आपण होऊन उठते. उलट ती फार लवकर उठते ही माझी चिंता. रिपारियाचं रक्त असल्याने एप्रिलअखेरीस जरा ऊब लागली की डोळे फुगतात आणि मेच्या मध्यापर्यंत कधीही दहिवर गोठून कोंब जळू शकतो. मुख्य कोंब गेला तर राखीव कोंब फुटतो, पण त्यावर घड कमी आणि लहान.

रूटस्टॉक नाही. वेल स्वतःच्याच मुळांवर आहे. यामागे कारण आहे: एखाद्या वर्षी खोड जमिनीपर्यंत मेलं तर खालून येणारा फुटवा त्याच वाणाचा हवा. कलम असतं तर भलतीच वेल उगवली असती. मी प्रत्येक वेलीला एकाऐवजी दोन खोडं ठेवते, तेही याचसाठी.

डाऊनीला मात्र हे वाण नाजूक आहे. जूनमध्ये पाऊस लागला की पानाच्या खाली पांढरी लव दिसते. त्याबाबतीत तुम्ही आणि मी एकाच नावेत आहोत. शिवाय पानांवर फायलोक्सेराच्या गाठी येतात. युरोपातल्या बागा ज्या किडीने बसवल्या तीच ही कीड. पण ती मूळची इथलीच असल्याने इथल्या मुळांना तिची सवय आहे, म्हणून वेल मरत नाही.

आणखी एक शत्रू सांगते. आजूबाजूला मका आणि सोयाबीनचा मुलूख आहे. तिथे मारलेलं तणनाशक वाऱ्यावर आलं की द्राक्षाची कोवळी पानं पंख्यासारखी चुरमडतात. तिसऱ्या वर्षी माझ्या कडेच्या चार वेलींना तो झटका बसला, त्या सावरायला दोन हंगाम गेले.

रानजाई | ११ मार्च

वनस्पतीशास्त्राची विद्यार्थिनी आहे, द्राक्षावर काम करत नाही, पण कडक थंडीत झाडाच्या पेशी कशा तगतात हे शिकले आहे, म्हणून थोडी भर.

थंडी सोसायची तयारी झाड थंडी पडल्यावर करत नाही. उत्तरेकडची रिपारिया दिवस लहान होऊ लागले की वाढ थांबवते. ऑगस्टात भरपूर ऊन असतं, पाणी असतं, तरी शेंडा थांबतो, काडी हिरवीची तपकिरी होते, डोळे मिटतात. पेशींत साखर वाढते, पाणी कमी होतं. मग पारा शून्याखाली गेला तरी डोळ्याच्या आतलं उरलेलं पाणी बर्फ न होता द्रवच राहतं. याला अतिशीतन म्हणतात. एका मर्यादेपर्यंत ते तसं राहतं, मर्यादा ओलांडली की एकदम गोठतं आणि कोंब मरतो. विनिफेराच्या बहुतेक वाणांत ही मर्यादा उणे २० च्या मागेपुढे आहे. ला क्रेसेंटमध्ये ती बरीच खाली आहे.

आणि हा कणखरपणा वर्षभर नसतो. डिसेंबर-जानेवारीत सगळ्यात जास्त. तेच डोळे ऑक्टोबरात उणे १५ मध्ये मरू शकतात. फेब्रुवारीत चार दिवस ऊब लागून परत कडाका आला तरी धोका असतो.

उत्तरवारा | ११ मार्च

रानजाई, अगदी हेच मी दरवर्षी ऑगस्टात बघते. शेजारचे लोक तेव्हा तळ्यात पोहत असतात आणि माझ्या वेलीने हिवाळ्याची तयारी सुरू केलेली असते. म्हणूनच मी जुलैनंतर खत देत नाही आणि पाणी तोडते. काडी पक्व होऊन तपकिरी झाली नाही तर डिसेंबरात ती हमखास जाते.

सह्यगिरी | १२ मार्च

पुण्यात वाईनचा छोटा अभ्यासक्रम केला आहे. तिथे शिकवलं होतं की अमेरिकन संकरित द्राक्षांच्या वाईनला एक उग्र, रानटी वास येतो. फ्रान्सने १९३० च्या दशकात अशा काही वाणांवर बंदीही घातली. ला क्रेसेंटला तो वास येतो का? आणि आम्ल फार असतं असं ऐकतो. मी अजून चाखलेली नाही, पूर्वग्रह नाही, खरंच विचारतोय.

उत्तरवारा | १३ मार्च

सह्यगिरी, बरं झालं विचारलंत. तो वास मुख्यतः लाब्रुस्का या अमेरिकन द्राक्षजातीचा. काँकर्ड द्राक्षाचा रस प्यायला असाल तर तोच. ला क्रेसेंटच्या वंशात लाब्रुस्का आहे, पण थोडी. सुमारे ४५ टक्के विनिफेरा आणि २८ टक्के रिपारिया आहे, बाकी उरलेल्या अमेरिकन जातींचा वाटा किरकोळ. वाईनला येतो तो वास पिकलेल्या जर्दाळूचा, त्यामागे मोसंबीच्या सालीचा, थोडा अननसाचा. ग्लास नाकाशी नेल्यावर घरातल्या सगळ्यांना आधी जर्दाळूच आठवतो.

आम्ल मात्र खरोखर फार. हीच या वाणाची मुख्य अडचण आहे आणि इथल्या वाईन करणाऱ्यांचं सगळं कौशल्य तिथेच पणाला लागतं. द्राक्ष २४-२५ ब्रिक्सला येतं, म्हणजे साखर भरपूर, पण त्याच वेळी रसात लिटरला ११ ते १३ ग्रॅम आम्ल असतं. तुमच्या नाशिकला प्रश्न उलटा: साखर चढता चढता उन्हाने आम्ल उतरून जातं, ते राखायला लवकर तोडावं लागतं. इथे आम्ल उतरायची वाट बघत बसायचं.

आणि वाट बघण्यातच मी एकदा फसले. २०१८ ला रस चाखून मला वाटलं, अजून आठ दिवस थांबू. ला क्रेसेंट पिकलं की मणी देठ सोडतो. आठवडाभरात मणीगळ अशी झाली की सकाळी वेलीखाली पिवळ्या मण्यांचा सडा, त्यावर गांधीलमाश्या. तिसरा हिस्सा माल जमिनीवर गेला. तेव्हापासून घडाखाली हात धरून तो हळूच हलवते. एखाददुसरा मणी हातात पडला की त्याच आठवड्यात तोड.

घरी कशी करते ते सांगते. कायद्याने इथे दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत स्वतःपुरती वाईन करता येते, विकता येत नाही. माझी होते ३०-३५ लिटर. तोडणी भल्या पहाटे, फळ गार असताना. तोडताना घडात ठिपकेवाले किडे बघावे लागतात. थंडी लागली की हे लाल-केशरी किडे घडांत शिरतात, आणि रसात चिरडले गेले तर वाईनला शेंगदाण्याच्या कडवट टरफलासारखा वास येतो. मग घड मोडून, मणी फोडून लगेच दाबते. रस एक रात्र गारठ्यात निवळू द्यायचा, वरचा स्वच्छ रस काचेच्या मोठ्या बरणीत. यीस्ट असं निवडते की जे थोडं मॅलिक आम्लही खाईल. त्या यीस्टचा क्रमांक ७१बी. तळघरात १४-१५ अंशांवर तीन आठवडे बुडबुडे येत राहतात. आम्ल कमी करायला लाल वाईनमध्ये जिवाणूंचं दुसरं आंबवणं करतात, ते मी इथे करत नाही, कारण त्यात जर्दाळू हरवतो.

पुढे हिवाळाच कामाला येतो. डिसेंबरात बरणी गॅरेजमध्ये ठेवते, उणे दोन-तीनला. पंधरा दिवसांत काचेच्या आतल्या बाजूला खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे खडे धरतात, ते टार्टरिक आम्लाचे क्षार. तेवढं आम्ल कमी झालं. एकदा रात्रीत पारा फार उतरला, मी उठून बघितलं नाही, आणि १९ लिटरची बरणी उभी तडकली. आता गॅरेजमध्ये तापमापक आहे आणि जानेवारीत रात्री एकदा तरी खाली जातेच.

शेवटी थोडी गोडी ठेवते. पूर्ण कोरडी केली तर दात शिवशिवतात. थोड्या गोडीने आंबटपणा आणि सुवास दोन्ही जागेवर बसतात. इथल्या बहुतेक वाईनरीही तिला किंचित गोड किंवा गोडच करतात. व्हर्माँटमध्ये मात्र काही जण कोरडी आणि बुडबुड्यांची करतात. मी एक प्यायले आहे, लिंबाच्या पातीसारखी ताजी होती, त्या आंबटपणाला बुडबुडे शोभत होते.

आपल्या जेवणाबरोबर? तिखटाबरोबर उत्तम. कोळंबीच्या कालवणाबरोबर आम्ही तीच काढतो.

बर्फाळगल्ली | १३ मार्च

दक्षिण स्वीडनमधून. आमच्याकडे सोलारिस नावाचं पांढरं द्राक्ष आहे, जर्मनीतल्या फ्रायबुर्गला १९७५ मध्ये केलेलं. त्याच्या वंशात रिपारियाऐवजी आमुरेन्सिस ही पूर्व आशियातली जंगली द्राक्षवेल येते. आमची थंडी तुमच्याएवढी नाही, आमची अडचण उन्हाळा छोटा आणि गार ही. सोलारिस लवकर पिकतं म्हणून इथे आणि डेन्मार्कमध्ये तेच सगळीकडे दिसतं. साखर चांगली भरते. पण तुमच्या जर्दाळूचा हेवा वाटला.

शेवंती | १४ मार्च

न पिणाऱ्यांसाठी काही?

उत्तरवारा | १४ मार्च

शेवंती, जेली! वाईनला जो आंबटपणा जड जातो तोच जेलीला हवा असतो. रस, साखर आणि थोडं पेक्टिन. रंग मधासारखा येतो आणि जर्दाळूचा वास उकळूनही पुष्कळ राहतो. नुसतं खायला मात्र द्राक्ष नको, मणी लहान आणि बिया मोठ्या.

कादवाकाठ | २ एप्रिल

काढणी संपली, आता खरड छाटणीची तयारी. ताई, मनात एक विचार घोळतोय. वाईनरीला चेनिन ही पांढऱ्या वाईनची द्राक्षं देणारे माझे दोन पाहुणे आहेत. हे ला क्रेसेंट नाशिकला आणून लावलं तर? थंडीत टिकतं म्हणजे शेकोट्यांची कटकट संपेल.

रानजाई | ३ एप्रिल

दादा, तुमचं दुखणं वेगळं आहे. ला क्रेसेंटचा कणखरपणा झोपलेल्या डोळ्यात आहे. पान, फूल, मणी यांना तो नाही. तिचा हिरवा कोंब उणे दोन-तीनलाही जळतो. तुमच्याकडे थंडी येते तेव्हा वेलीवर भरलेले घड असतात.

दुसरं, ही वेल दिवस मोजते. ऑक्टोबरात तुम्ही छाटणी कराल तेव्हा नाशिकला दिवस बारा तासांहून लहान झालेला असतो आणि पुढे घटतच जातो. तिच्या दृष्टीने ती झोपायची वेळ. माझा अंदाज, चार पानं फुटून शेंडा थांबेल. ज्या गुणामुळे ती मिनेसोटात जगते त्याच गुणामुळे निफाडला अडेल.

संकरित वाणांचाच विचार असेल तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचं एआरआय-५१६ बघा. कटावबा ही अमेरिकन आणि ब्यूटी सीडलेस ही विनिफेरा, यांचा संकर. बुरशीजन्य रोगांना बऱ्यापैकी दाद देत नाही, ११०-१२० दिवसांत तयार होतं. ते काळं द्राक्ष आहे, रसाला आणि लाल वाईनला चालतं. डाऊनीच्या फवारण्या वाचवणं हा तुमचा खरा फायदा ठरेल.

कादवाकाठ | ३ एप्रिल

पटलं. तीस वर्षं द्राक्षात काढली, पण वेल दिवस मोजते हे असं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. एआरआयच्या काड्यांची चौकशी करतो.

सह्यगिरी | २० मे

धागा वर काढतोय. जूनमध्ये कामासाठी शिकागोला येणार आहे, दोन दिवस मोकळे आहेत. ला क्रेसेंट कुठे चाखता येईल?

उत्तरवारा | २१ मे

मिसिसिपीच्या काठाने वर या. अप्पर मिसिसिपी रिव्हर व्हॅली हा वाईनचा अधिकृत प्रदेश २००९ पासून आहे. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, आयोवा आणि इलिनॉय अशा चार राज्यांत मिळून सुमारे ७७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा चौथा हिस्सा. अमेरिकेतला हा सगळ्यात मोठा असा प्रदेश आहे, पण बागा छोट्या, कुटुंबांच्या. ला क्रॉस शहरात मुक्काम करा, पूल ओलांडला की ला क्रेसेंट गाव. पाटीवर नाव दिसेल तिथे थांबा. इटास्का मिळाली तर तीही घ्या, विद्यापीठाचंच २०१७ चं पांढरं वाण, मुद्दाम कमी आम्लाचं केलेलं. मला विचाराल तर ती सभ्य आहे, पण ला क्रेसेंटचा सुवास तिला नाही.

आणि आमच्याकडची बातमी: १२ मेच्या रात्री पारा उणे दोनला गेला. वेलींवर जुन्या चादरी टाकल्या, तरी उतारावरच्या तीन वेलींचे कोंब काळे पडले. आज त्यांच्या बुडाशी राखीव कोंब फुटलेत.

सह्यगिरी | १८ जून

चाखली! नदीकाठच्या एका छोट्या वाईनरीत. पहिला घोट इतका आंबट वाटला की मी ग्लास खाली ठेवला. मग तिथल्या बाईंनी मिरपूड लावलेलं चीज दिलं, त्यानंतरचा घोट वेगळाच. जर्दाळू म्हणालात ते अक्षरशः खरं. दोन बाटल्या घेऊन येतोय.

उत्तरवारा | २९ सप्टेंबर

परवा तोड झाली. चौदा वेलींचे ५२ किलो, रस २४.५ ब्रिक्स. उतारावरच्या तिघींनी मिळून जेमतेम चार किलो दिले. मणीगळ या वेळी नाही, हातात दुसरा मणी पडला त्याच दिवशी कात्री लावली. बरणी तळघरात आहे, हे लिहिताना खालून बुडबुड्यांचा आवाज येतोय.

कादवाकाठ | ११ ऑक्टोबर

अभिनंदन ताई. आमची आजपासून छाटणी. सकाळी पहिल्या दोन ओळी झाल्या, मागोमाग पेस्ट लावणारी माणसं. एआरआयच्या काड्या मिळाल्या, बांधाकडच्या कोपऱ्यात पंचवीस रोपं लावली आहेत. तुमच्या वेलींची पानं गळाली का?

उत्तरवारा | ११ ऑक्टोबर

निम्मी गळाली, उरलेली पिवळी. काड्या शेंड्यापर्यंत तपकिरी झाल्या आहेत.